आप्पांच्या बोटाचा दोष

पिरनवाडी, बेळगाव
सोमवार

प्रिय साईराज,

हातानं लिहिलेलं पत्र बघून तुला आधी हसू येईल. मेल केली असती, पण तुझी मेल तू वाचत नाहीस. तुझा एजंट वाचतो आणि मतलब तेवढा तीन ओळींत तुला सांगतो, हे तूच गणपतीला आला होतास तेव्हा मोठ्या कौतुकानं सांगितलंस. फोन केला तर तू मीटिंगमध्ये असतोस. तेव्हा म्हटलं, रजिस्टर पोस्टानं पाठवावं, म्हणजे पोस्टमन तुझी सही घेईल आणि पत्र मिळालंच नाही असं तुला पुढं म्हणता येणार नाही. बहिणीचं अक्षर अजून ओळखतोस ना? तुझ्या पहिलीच्या पाटीवर तेच गिरवून तू शिकलास. चहा घे, बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच ठेवलंस तर नुकसान तुझंच आहे. हे रागानं म्हणत नाही, माहिती म्हणून सांगते.

आधी घरची खबर. उचगावात भात कापून झाला, मळणी झाली, रताळी काढायची राहिलीत. म्हैस व्याली आणि रेडा झाला, म्हणून आई आठवडाभर म्हशीवर रुसली होती. मी दर शनिवारी शाळा सुटली की इथून उचगावला जाते आणि रविवारी संध्याकाळी परत येते. आप्पांच्या गळ्याच्या भोकाभोवतीची जखम सुकलीय. त्यावर आई जुन्या धोतराचा मऊ तुकडा बांधते. जेवण जातं, अंगही थोडं भरलंय. गेलाय तो आप्पांचा आवाज, पण आई त्यांच्याशी ओरडून बोलते, जणू कान गेलेत, आणि अख्खा गाव तिचं बघून तेच करतो. शेजारचा नागेंद्र रोज येतो, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बरं हाय न्हवं म्हणून बोंब मारतो, आणि आप्पा पाटीवर ‘ऐकू येतंय’ असं लिहून दाखवतात. पाटी म्हणजे खरी दगडी पाटी, माझ्या शाळेतून नेलेली. दवाखान्यानं फोनमध्ये घालून दिलेला तो तयार आवाज त्यांनी सुरुवातीला वापरला. म्हशीला पेंड घातली काय, असं टाईप करायचे आणि आतून पुण्याच्या बातम्या देणारा माणूस बोलायचा. गल्लीतली माणसं दाराशी उभी राहून हसायची, भावकू मास्तरांकडं बातम्या लागल्या म्हणायची. तरी ते वापरत होते. गणपतीपासून मात्र त्यांनी फोनला हात लावलेला नाही. फोन देवळीत असतो, आई चार्ज करते, कुणाचा आला तर आईच उचलते. फोन का वापरत नाही म्हणून कुणी विचारलं, की पाटीवर एकच वाक्य येतं: ‘माझ्या बोटानं घात केला.’ दूधवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, लग्नाचं विचारायला आलेल्या पाहुण्यांना, सगळ्यांना ते हेच दाखवतात. आधी लोक हळहळायचे. आता येता-जाता, मास्तर, बोट कसं हाय, असं विचारतात.

लहानपणी आप्पा मैदानाला निघाले की त्यांच्या खुर्चीमागं बसायला मिळावं म्हणून तू लोळण घ्यायचास, ते मला कालसारखं आठवतं. खानापूरपासून निपाणीपर्यंत मैदान कुठलंही असो, कुस्त्यांच्या जाहिरातीत पैलवानांच्या नावांखाली ‘निवेदक: भावकू मास्तर, उचगाव’ ही ओळ ठरलेली. मास्तर ते कधीच नव्हते, चौथीत शाळा सुटलेला माणूस. पण उठून उभ्या राहिलेल्या हजारो लोकांना नुसत्या आवाजानं खाली बसवायचे, म्हणून लोकांनीच मास्तर केलं. हलगी कडाडत असायची आणि यांचा आवाज तिच्यावर चढायचा. गालात निपाणीच्या तंबाखूची चिमूट असायची. तिनंच शेवटी गळा खाल्ला. आप्पांचा एक नियम होता. पंचांनी हात वर केल्याशिवाय निकाल पुकारायचा नाही, आणि एकदा केला की आपल्याला वेगळं दिसलं असलं तरी पंचांचाच निकाल पुकारायचा. एकदा पंचांचा निकाल साफ चुकला होता, लोक ढेकळं घेऊन उठले होते, तरी आप्पांनी तोच पुकारला आणि घरी येऊन जेवले नाहीत. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, ‘ज्यानं जवळनं बघिटलं त्याचं ऐकायचं. मी लांब बसलेला माणूस.’ तू तेव्हा त्यांच्या मांडीवर झोपला होतास.

एप्रिलमध्ये तुझा साखरपुडा झाला आणि मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. व्हिडिओ कॉलवर तू रडलास, ते मी विसरलेले नाही. दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणारी सौम्या आहे, तिनं सुचवलं, की ऑपरेशनच्या आधी आप्पांचा आवाज भरपूर रेकॉर्ड करून ठेवा. नंतर फोनवर काहीही टाईप केलं की फोन त्यांच्याच आवाजात बोलेल. मी म्हटलं, मैदानांचे व्हिडिओ ढिगानं आहेत. ती म्हणाली, ते उपयोगाचे नाहीत, त्यात हलगी आहे, कर्णे आहेत, गलका आहे; शांत खोलीतला, एकट्या माणसाचा आवाज पाहिजे. साऱ्या तालुक्यानं ऐकलेला आवाज, आणि त्याचं एकसुद्धा स्वच्छ रेकॉर्डिंग नव्हतं. मग माझी उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली. मधल्या खोलीच्या भिंतींना मी वाकळा टांगल्या, पंखा बंद, दारं बंद, आणि आम्ही दोघं घामानं निथळत बसायचो. दवाखान्याच्या कागदावरचं पहिलंच वाक्य ‘आज हवामान आल्हाददायक आहे’ असं होतं. आप्पा भडकले. असलं मी जन्मात कुणाला बोललो न्हाय म्हणाले, आणि कागद बाजूला ठेवून स्वतःच वाक्यं ठरवायला लागले.

उरलेल्या आयुष्यात आपल्याला काय काय बोलावं लागेल, याचा विचार करत तो माणूस अंगणात फेऱ्या घालायचा आणि सुचलं की आत येऊन बोलायचा. चहात साखर न्हाय. म्हशीला पाणी दावलं काय. कोण गेलं गं. आईला चिडवायची खास वाक्यं होती, ती बोलताना स्वतःच हसायचे आणि पुन्हा रेकॉर्ड करावं लागायचं. शिव्या चालतील काय, असं त्यांनी सौम्याला फोन करून विचारलं आणि चालतील म्हटल्यावर एक अख्खी दुपार शिव्यांना दिली. नव्या सुनेला हाक कशी मारायची ते ठरेना, म्हणून ऋतिकाचं नाव तऱ्हेतऱ्हेनं घेऊन ठेवलं. नातू होईल, त्याला शिकवताना लागतील म्हणून डावांची नावं. तुझ्या लग्नातला आशीर्वाद. शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, मरताना माणसाला काही बोलायचं असतंय काय. मग त्यांनी मला खोलीबाहेर घालवलं, दार लावून घेतलं आणि काहीतरी एकटे बोलले. ते मी कधी ऐकलं नाही. ऐकायची वेळ पुढं येईल, आत्ता कशाला, असं वाटलं.

रेकॉर्डिंग आप्पांच्या फोनवर व्हायचं आणि क्लाउडवर चढायचं. फोन लहान, म्हणून वर चढलं की खालचं पुसलं जायचं. क्लाउडची जागा आप्पांच्या नावावर घेतलेली, तू आणि मी कुटुंबातले म्हणून त्यात. मी फोल्डरला ‘आप्पा, ऑपरेशनच्या आधी’ असं नाव दिलं होतं. तू बेंगळूरूहून आपला एआय एजंट त्या खात्यावर बसवलास आणि म्हणालास, आक्का, आता फाईली लावणं, शोधणं, जागा करणं सगळं तोच बघेल, तू डोकं चालवू नकोस. एजंट म्हटल्यावर आईला प्लॉट दाखवणारा आठवला, याला कमिशन किती विचारत होती, किती हसलो आपण. जूनमध्ये ऑपरेशन झालं. जखम नीट भरली की सौम्या ते रेकॉर्डिंग घेऊन आवाज तयार करणार होती. श्रावणात तुझं आणि ऋतिकाचं धबधब्याचं शूटिंग झालं, ते सगळं तू त्याच खात्यात चढवलंस, आणि जागा भरली.

गणपतीला काय झालं ते तुला सांगायला नको, पण मला कसं दिसलं ते सांगते. सौम्याचा फोन आला, फाईली पाठवा म्हणून. मी फोल्डर शोधला, तो नव्हताच. तू लॅपटॉप घेऊन सोप्यात बसलास, बराच वेळ वाचत राहिलास. आई आरतीचं ताट घेऊन उभी होती. मग तू मान वर केलीस आणि म्हणालास, ‘आप्पा, तुमच्याच फोनवरनं परवानगी गेलीय. तुम्ही चुकून दाबलं असणार.’ आप्पांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. तू उठून त्यांच्या पाठीवर हात फिरवलास, वय झालं की होतं असं म्हणालास, आणि मला तुझं त्या वेळी कौतुक वाटलं. बापावर चिडला नाही, किती शहाणा झालाय पोरगा, असं मी रात्री आईला म्हटलंसुद्धा. माझ्या त्या कौतुकाची मला आज किळस येते.

दिवाळीच्या सुट्टीत मी खात्यात शिरले ती भांडण उकरायला नव्हे. एखादी फाईल कुठं अडकून राहिली असेल, एवढीच आशा होती. तुझ्या एजंटला मी मराठीत विचारलं, आप्पांचं रेकॉर्डिंग गेलं कसं. त्याला मराठी येत असेल असं वाटलं नव्हतं, कारण तू त्याला घरच्यांशी इंग्रजीतच बोलायला लावलं होतंस. त्यानं झालं तसं सांगितलं. मी मशीनला शिव्या द्यायच्या तयारीनं गेले होते, साई, आणि कळलं की त्या दिवशी सगळ्यांत जास्त विचार मशीननंच केला होता. तू जागा करून दे म्हणालास. त्यानं आधी सांगितलं, तुझ्याच फिल्मच्या एकसारख्या प्रती पडल्यात, त्या काढूया. तू नको म्हणालास. मग तू आप्पांचा फोल्डर दाखवलास. तो म्हणाला, यात एकाच माणसाचा आवाज आहे, नावावरून ऑपरेशनच्या आधीचा दिसतो, पुन्हा मिळणार नाही. दुसरीकडं प्रत आहे का? तू लिहिलंस, आहे. कुठं, असं त्यानं विचारलं. तू लिहिलंस, ‘आहे म्हटलं ना.’ त्यानं फाईली ट्रॅशमध्ये ठेवल्या आणि म्हणाला, महिनाभर इथं राहू देत, चूक निघाली तर परत आणता येतील. पण ट्रॅशसुद्धा जागा खातो. तू म्हणालास, कायमचं काढ, आत्ता. तो म्हणाला, कायमचं पुसलेलं कुणालाच परत आणता येत नाही, म्हणून खात्याच्या मालकाला विचारावं लागेल. मालकाला इंग्रजी येत नसेल तर प्रश्न मराठीत पाठवू का? तू म्हणालास, गरज नाही, मी सांगतो त्यांना.

तू काय सांगितलंस ते एजंटला ठाऊक नाही, आईला ठाऊक आहे. ती तांदूळ निवडत बसली होती आणि फोन स्पीकरवर होता. फोन चालू असताना टाईप करायला जमायचं नाही, म्हणून आप्पांनी फोनवर बोलायची एक पद्धत ठरवली होती: एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही, आणि ठोकत राहिले की थांब, मंगलआक्काला येऊ दे. आई म्हणते, त्या दिवशी ते ठोकत राहिले. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं, इतके ठोकत राहिले. आणि तू म्हणालास, ‘आप्पा, मी बघिटलंय सगळं. हिरवं दाबा, मला मीटिंग हाय.’ मग त्यांनी दाबलं. जन्मभर ज्यानं जवळून बघितलं त्याचं ऐकलं, तसंच ऐकलं. कुठल्या फाईली रं, एवढं विचारायला त्या माणसाकडं गळा नव्हता, आणि जो गळा राहिला होता तोच तू त्यांच्या हातून पुसून घेत होतास. आईला यातलं काय महत्त्वाचं आहे हे मी विचारेपर्यंत कळलंच नव्हतं. तिला वाटलं, लग्नाचं काहीतरी असेल.

इथपर्यंत चूक आहे. घाई, मिजास, निष्काळजीपणा, काय म्हणशील ते, पण चूक. चुकीसाठी मी पत्र लिहिलं नसतं. पाठच्या भावाला माणूस चुकीसाठी मारत नाही. पण गणपतीला तू सोप्यात बसून जे बराच वेळ वाचत होतास, ते हेच होतं. एजंटनं मला जे सांगितलं ते सगळं तुझ्यासमोर उघडं होतं. ते वाचून झाल्यावर तू मान वर केलीस आणि ज्याला उलटून बोलता येत नाही अशा माणसाला म्हणालास, तुम्ही चुकून दाबलं. चोराच्या उलट्या बोंबा असतात असं आपण म्हणतो, पण चोरालाही समोरचा ओरडेल ही भीती असते. तुला तेवढीही नव्हती. तू पाठीवर हात फिरवत बोललास, हे मला सगळ्यांत जास्त लागलं.

मी आप्पांना सांगितलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, गोठ्यासमोर बसून, शब्द न शब्द सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, ‘साईनं बघून सांगितलं हुतं. मीच दुसरं कायतरी दाबलं.’ मी म्हटलं, एजंटला तुमच्यासमोर मराठीत बोलायला लावते, स्वतः ऐका. त्यांनी मान हलवली. यंत्राचं ऐकून पोराला खोटं पाडायचं न्हाय, असा त्याचा अर्थ होता. आईनं स्पीकरवर ऐकलेलं सांगितलं, तर तिला हातानं गप्प बसवलं. मी जोर केला तेव्हा पाटी पुसली आणि लिहिलं, ‘त्याच्या माथी मारू नको. त्याचं लगीन हाय.’ पुढच्या शनिवारी मी गेले तर त्यांनी माझ्यासमोर पाटी घेतलीच नाही. तेव्हा आता आप्पांच्या हिशेबात मी भावाचं वाईट चिंतणारी बहीण आहे. तू चांगला आणि त्यांचं बोट वाईट. तू फार सोयीचं करून ठेवलंयस.

आणि मग मागच्या रविवारी मैदान झालं. कमिटीनं आप्पांचा सत्कार ठेवला होता. आईनं धुतलेलं धोतर काढलं, फेटा बांधला, मी सोबत गेले. त्यांना नव्या निवेदकाशेजारी खुर्ची दिली, शाल घातली, नारळ दिला. तिथपर्यंत बरं होतं. मग कमिटीतल्या एका शहाण्यानं सवयीनं माईक काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, मास्तर, दोन शब्द. त्याच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. आप्पा उठून उभे राहिले होते. माईक हातात आला की उभं राहायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मैदान आपोआप गप्प झालं, पूर्वी व्हायचं तसं. आप्पांनी तोंड उघडलं. आणि गळ्याच्या भोकातून जो श्वास निघाला, तो माईकनं धरला, आणि मैदानावरच्या सगळ्या कर्ण्यांतून सायकलच्या चाकातून हवा जाते तसा आवाज निघाला. एकदा, मग परत एकदा, कारण ते श्वास तर घेणारच. पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मग मागचे हसले. वाईट माणसं नव्हती, साई, आपलीच होती, अनेकांना मी शिकवलंय. नव्या निवेदकानं धावत येऊन माईक काढून घेतला आणि हलगीवाल्याला वाजव म्हणून खुणावलं. आप्पा खुर्चीवर बसले आणि शेवटची कुस्ती निकाली होईपर्यंत उठले नाहीत, कारण मैदान अर्धवट टाकून निघायचं नसतं. घरी आल्यावर फेटासुद्धा न काढता त्यांनी पाटी मागितली. मला वाटलं आज तरी कुणावर चिडतील. त्यांनी लिहिलं, ‘माझ्या बोटाचं फळ.’ आणि पाटी माझ्या हातात देऊन भिंतीकडं तोंड करून झोपले.

त्याच दिवशी संध्याकाळी मी त्या खात्यातला तुझा फोल्डर ट्रॅशमध्ये टाकला. धबधब्याची फिल्म, साखरपुडा, सगळ्या प्रतींसकट. एजंटनं मला विचारलं, याची दुसरीकडं प्रत आहे का. मी तुझ्यासारखं उत्तर दिलं नाही. शूटिंगवाल्याला फोन करून विचारलं. त्याच्याकडं नाही, सगळं तुझ्याकडं दिलं म्हणाला. तसं मी एजंटला खरं सांगितलं. त्यानं विचारलं, ज्याच्या फाईली आहेत त्याला, त्याला समजेल अशा भाषेत, काय जाणार आहे ते कळवलंय का. मी म्हटलं, कळवते. हे पत्र म्हणजे ते कळवणं. नवरात्रात गेलेली ऋतिकाची आजी, मनुबाई, साखरपुड्यात मांडी ठोकून बसून उखाणा घेते, नातीचं नाव घेऊन हसते, तेवढीच ती कुठं बोलती-चालती राहिलीय. ते ट्रॅशमध्ये महिनाभर राहील आणि मग आपोआप जाईल. त्यातले काही दिवस गेलेत, काही पोस्टानं खाल्ले असतील. दुसऱ्यानं टाकलेलं परत आणायचं असेल तर मालकाची परवानगी लागते. प्रश्न आप्पांच्या फोनवर येईल, स्वच्छ मराठीत. तो मी दाबणार नाही, आई दाबणार नाही. आप्पांनी फोन हातात घ्यायला हवा, आणि त्यांचं बोट चुकलं नव्हतं हे त्यांना फक्त तुझ्या तोंडून पटेल. शनिवारी दुपारी मी उचगावला आहे, फोन त्यांच्या कानाशी धरीन, तू काय वाचलंस आणि काय बोललास ते सगळं सांग. ऋतिकाला मी अजून काही कळवलेलं नाही. आप्पांचा आवाज येणार नाही, ते मला माहीत आहे. पण त्या बातम्यावाल्याच्या आवाजात का होईना, त्यांनी चहात साखर मागितलेली मला ऐकायची आहे, आणि त्यासाठी एका निरपराध पोरीला तिच्या आजीवाचून रडवायची माझी तयारी आहे. मी इतकी वाईट झाले आहे, हे तुला वेळेत कळावं म्हणून एवढं लिहिलं.

तुझीच,
मंगलआक्का